गिअर बदलताना खालून ‘धड्’ आवाज: इंजिनाचं फाउंडेशन बदललं तरी परत येत असेल तर हे बघा

ज्यांच्या गाडीला हा आवाज आहे त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. पहिल्यावरून दुसरा टाकला, क्लच सोडला की पायाखाली पाट्यावर वरवंटा आपटल्यासारखं ‘धड्’ होतं, बाजूला बसलेला माणूस आपल्याकडे बघतो आणि आपण काही झालंच नाही असं दाखवत पुढे जातो. माझ्या गाडीला हा आवाज वर्षभरात तीनदा आला, तीनदा ‘गेला’, आणि शेवटी कारण निघालं ते इतकं फालतू होतं की सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण मधे माझे बऱ्यापैकी पैसे गेले आणि एकदा तर गिअरबॉक्स खाली उतरायचा थोडक्यात वाचला.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, तेव्हा ९६ हजार किलोमीटर झालेली. मी देवरुखला राहतो आणि रोज रत्नागिरीला जाऊन येऊन असतो, म्हणजे चढउतार, वळणं, हायवेच्या कामामुळे डायव्हर्जन, सतत दुसरा-तिसरा-दुसरा. गणपतीच्या आधी आवाज सुरू झाला. पहिल्या गॅरेजवाल्याने एक राउंड मारला आणि म्हणाला सिंक्रो गेलेत, बॉक्स उतरवायला लागेल, बावीस हजार धरून चला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, पण सणाच्या तोंडावर गाडी आठवडाभर अडकणार म्हणून थांबलो. तेवढ्यात आमचा आतेभाऊ, जो स्वतः टेम्पो चालवतो आणि गाडीचं निम्मं काम स्वतः करतो, तो म्हणाला, “अरे सिंक्रो गेले तर करकर वाजतील, धड् कशाला वाजतील?”

हे वाक्य लक्षात ठेवा, निम्मं निदान यातच आहे. सिंक्रो म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा. त्या झिजल्या की गिअर जाताना करकर होते, किंवा गिअर आत जायलाच कुरकुरतो, आणि बहुतेक वेळा हे एकाच गिअरला होतं, साधारण दुसऱ्याला. गिअर नीट, लोण्यासारखा जातोय आणि नंतर क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताना एकच ठोका बसतोय, तर बॉक्सच्या पोटात शिरायच्या आधी बाहेर बघायचं खूप असतं.

ठोका का बसतो तेही थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढच्या टेस्ट कशासाठी ते कळणार नाही. इंजिन गाडीला ओढत असतं तेव्हा गिअरचे दाते, एक्सलचे (बॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट, फाउंडेशनचं म्हणजे इंजिन ज्या बैठकीवर बसतं तिचं रबर, सगळं एका बाजूला टेकलेलं असतं. पाय उचलला की उलटं होतं, चाकं इंजिनला ओढायला लागतात आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतं. मधे खेळ कमी असेल तर कळत पण नाही. खेळ वाढला की ते टेकत नाही, आपटतं. गिअर बदलताना आपण हे उलटसुलट दर वेळी दोनदा करतो, म्हणून आपल्याला वाटतं गिअरमुळे आवाज येतोय.

म्हणून सगळ्यात पहिली टेस्ट, पाना न लावता, रिकाम्या सपाट रस्त्यावर: गाडी दुसऱ्या गिअरला २०-२५ च्या स्पीडला ठेवा, गिअरला हात लावू नका, क्लचला पाय लावू नका, फक्त ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. तोच ‘धड्’ आला तर गिअर बदलण्याशी त्याचा संबंध नाही, खेळ बहुतेक बाहेर कुठेतरी आहे: फाउंडेशन, एक्सल, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागे जाणाऱ्या शाफ्टच्या जोडाचा क्रॉस. माझ्या गाडीला आला, अगदी स्पष्ट. बावीस हजार तिथेच वाचले.

आवाज नुसता लिव्हर आत बसताना येत असेल, दाबसोडला येत नसेल, तर मात्र क्लच आणि लिव्हरखालची लिंकेज, म्हणजे लिव्हरची हालचाल बॉक्सपर्यंत नेणारी जोडणी, बघा. त्याची पण घरची टेस्ट आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून क्लच पूर्ण दाबून टाकून बघा. बंद असताना सहज जातात आणि चालू असताना अडखळतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. दुसरी खूण रिव्हर्सची: न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबून पण खर्रर्र झालं तर क्लच चिकटतोय हे नक्की, कारण बऱ्याच गाड्यांना रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो लगेच चुगली करतो. केबलचा क्लच असेल तर आधी ॲडजस्टमेंट आणि केबल बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबल आतल्या आत गंजते आणि जड होते, बाहेरून चकाचक दिसते. हायड्रॉलिक असेल तर ऑइलची पातळी आणि पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर सुधारतंय का ते बघा, सुधारलं तर हवा शिरलीय नाहीतर सिलिंडरचं वॉशर गेलंय. लिंकेजचे प्लास्टिकचे बुश शंभर-दोनशेत येतात आणि ते गेले की लिव्हर भाताच्या पातेल्यातल्या पळीसारखी फिरते.

आता फाउंडेशन. आमच्यासारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांना साधारण तीन ते चार फाउंडेशन असतात, त्यातलं खालचं मागचं, जे इंजिनाला पुढेमागे डुलू देत नाही, त्याच्यावर गिअर बदलताना सगळा मार बसतो. टेस्ट अशी: बॉनेट उघडा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, एक माणूस आत बसवा आणि त्याचा उजवा पाय ब्रेकवरून हलता कामा नये. त्याने पहिला टाकून क्लच अगदी पकडेपर्यंतच सोडायचा, इंजिन दबलं की लगेच परत दाबायचा, मग रिव्हर्सला तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. बाजूला म्हणजे बाजूला, गाडीच्या पुढे नाही आणि मागे पण नाही. इंजिन थोडं झुकणारच, ते चालतं. उडी मारून परत बसत असेल आणि त्याच वेळी ठोका ऐकू येत असेल तर रबर गेलं. गाडी चालवताना पण एक खूण मिळते, ज्या गाड्यांना लिंकेज रॉडची आहे त्यांची गिअर लिव्हर ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना स्वतःहून पुढेमागे हलते. माझी हलत होती आणि मला वाटायचं जुनी झाली म्हणून हलते.

देवरुखातल्याच एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी जॅक लावून, खाली स्टँड देऊन, पहारीने खालचं फाउंडेशन उचकून बघितलं आणि म्हणाले, “बॉक्सला काय झालेला नाय, फाउंडेशन बसलाय.” लोकल फाउंडेशन साडेसहाशेचं टाकलं, आवाज जादू केल्यासारखा गायब. गणपती मजेत झाले.

जानेवारीत परत सुरू.

मला वाटलं लोकल माल, म्हणून असं झालं. या वेळी ओरिजिनल मागवलं, जवळपास तिप्पट किंमत. परत जादू. जूनला, पहिला पाऊस पडून आठवडा झाला नसेल, परत ‘धड्’. आता मात्र मी वैतागलो, कारण ओरिजिनल फाउंडेशन पाच महिन्यांत जात नाही, खड्डे कितीही असोत. इथे मी चूक काय करत होतो ते सांगतो: दर वेळी काय तुटलं ते विचारत होतो, का तुटलं ते एकदाही विचारलं नाही.

काढलेलं फाउंडेशन मी या वेळी घरी आणलं. पाण्याने धुतलं, चिखल गेला, आणि रबर हाताला चिकट, फुगलेलं, नखाने दाबलं की खड्डा पडत होता. रबर म्हातारं झालं की कडक होतं, त्याला भेगा पडतात. मऊ आणि फुगलेलं म्हणजे त्याने ऑइल प्यायलंय. मग दोन्ही वेळा आम्हाला ओलं कसं दिसलं नाही? तर पावसाळ्यात आपल्या गाडीच्या पोटाला लाल मातीचा जो थर बसतो ना, त्यात ऑइल मुरतं आणि सगळं एकसारखं चॉकलेटी दिसतं. हिवाळ्यात थर वाळलेला, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं सुका आहे. म्हणून आता माझं मत असं झालंय की खालचं कुठलंही काम करायच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन पोट धुऊन घ्यावं, वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, आणि मग बघावं. धुतल्याशिवाय निदान म्हणजे अंदाज.

धुऊन बघितलं तर डाव्या एक्सलच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइल झिरपत होतं. एक्सल जिथे बॉक्समधे शिरतो तिथला सील, तिथून ऑइल बॉक्सच्या कडेने ओघळून बरोबर फाउंडेशनवर. ऑइल मोजलं तर दोन लिटरच्या आसपास हवं तिथे जेमतेम दीड निघालं, काळं झालेलं. म्हणजे त्या पहिल्या गॅरेजवाल्याचं ऐकून मी बॉक्स उघडला नाही ते बरं झालं, पण आणखी वर्षभर असाच चालवला असता तर खरंच बॉक्स उघडायची वेळ आली असती.

नवा सील, नवं ऑइल, नवं फाउंडेशन (तिसरं!). ऑइल टाकताना एक सांगतो, पुस्तकात जे लिहिलंय तेच टाका. ७५डब्ल्यू-९० दोन प्रकारात मिळतं, जीएल-४ आणि जीएल-५, आणि दुकानदार ‘पाच चारपेक्षा भारी’ म्हणून पाच गळ्यात मारतो. जीएल-५ मधली केमिकल काही बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. ज्या गाडीला चार सांगितलंय तिला चारच.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. ऑगस्टमधे सहज खाली टॉर्च मारली तर सील परत ओला. नवीन सील, दोन महिने. मेकॅनिककाका पण गप्प झाले, मग एक्सलचा सील बसतो तो भाग झिजलाय का ते बोट फिरवून बघितलं, तर गुळगुळीत, धार नाही. मग त्यांनी विचारलं, गाडी मधे कुठे उभी होती का. होती. आदल्या वर्षी मे महिन्यात माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना घराच्या मागे गोठ्याच्या पडवीत. त्यांनी बॉक्सच्या वरच्या बाजूची छोटी नळी शोधली, तिला ब्रीदर म्हणतात, आणि तोंडाला नख लावलं तर आत घट्ट माती. वरवर बसलेली धूळ नाही, लिंपल्यासारखी गच्च.

कुंभारमाशी! गोठ्याच्या भिंतीवर मातीची घरं करते तीच. तिला माझ्या गिअरबॉक्सची नळी मिळाली, आत अंडी आणि त्यांतून निघणाऱ्या अळ्यांसाठी कोळी ठेवून वर मातीचं बूच. एवढी वर्ष आम्ही तिची घरं खराट्याने पाडत आलो, तिने एका फटक्यात वसूल केलं.

ब्रीदरचं काम काय, तर गिअर ऑइल तापलं की आतली हवा फुगते, ती या नळीतून बाहेर जाते, आणि थंड झालं की हवा परत आत येते. नळी बंद झाली की फुगलेली हवा सगळ्यात कच्चा रस्ता शोधते, म्हणजे सील. सील नवा असो की जुना, रोज हातखंब्याच्या चढाला बॉक्स तापला की आतून दाब, रोज थोडं ऑइल बाहेर. उलटी बाजू आपल्याकडे आणखी वाईट. गरम बॉक्स घेऊन तुम्ही पावसात मोरीवरच्या पाण्यात गाडी घातली की आतली हवा एकदम आकसते आणि हवा आत यायला वाट नसेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, ते लगेच काढून टाका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या त्यांतल्या कितीतरी पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या असतील, तर जुनी गाडी घेताना इंजिन ऑइलची काडी सगळेच बघतात, गिअर ऑइलचा नट पण सोडून बघायला सांगा. पुरात बंद उभ्या गाडीच्या बॉक्समधे पाणी बहुतेक ब्रीदरमधूनच शिरतं.

नळी तारेने मोकळी केली, तोंड खाली वळवलं, सील परत एकदा बदलला (हा शंभर टक्के वाया गेलेला खर्च) आणि फाउंडेशन नुसतं पुसून ठेवलं, ते अजून फुगलं नव्हतं.

तुमची गाडी पुढच्या चाकांची असेल आणि फाउंडेशन चांगलं निघालं तर पुढे दोन गोष्टी बघा. एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला की स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवल्यावर टक-टक-टक येतं, ते ओळखायला सोपं. आतला जॉइंट गेला की मात्र वळणावर काही वाजत नाही, सरळ रस्त्यावर पिकअप घेताना ठोका बसतो किंवा गाडी थरथरते, आणि तोच गिअरचा म्हणून लोक समजतात. जॉइंटवरचा रबरी बूट फाटलेला दिसला, आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर तिथेच थांबा, फाटलेल्या बुटात एक पावसाळा चिखल गेला की जॉइंट संपला. दुसरं लोअर आर्मचे बुश, ते गेले तर ठोका ब्रेक मारताना पण येतो, खड्ड्यात पण येतो. तसं होत असेल तर गिअरबॉक्सचा विषयच सोडून द्या.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे ओम्नी, ईको, बोलेरो, जुन्या सुमो, यांचा हिशोब वेगळा. इथे पहिला संशय प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. सपाट जागी गाडी न्यूट्रलला, चारही चाकांना दगड, इंजिन बंद, चावी खिशात, आणि शाफ्ट हाताने उजवीकडे-डावीकडे पिळून बघा. क्रॉसच्या टोप्यांपाशी हालचाल दिसली किंवा तिथे लाल गंजाची पूड बाहेर आलेली दिसली तर आतल्या सुया सुकल्या, क्रॉस बदला. शाफ्टचा सरकणारा भाग पण सुकला की गाडी उचलताना ‘टण्’ असा आवाज येतो, तिथे ग्रीस निपल असेल तर ग्रीस मारून दोन दिवस चालवून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. मागच्या हाउसिंगमधे, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यात, थोडा खेळ असतोच, तो बघून घाबरून आतले गिअर (क्राउन पिनियन) उघडू नका. मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असतील तर त्यांचे यू बोल्ट मात्र पान्याने आवळून बघा, ते ढिले असले तर अख्खा मागचा एक्सल पिकअपला सरकतो आणि आवाज असा येतो की बॉक्स फुटला असं वाटावं. माझ्या मामाच्या मच्छी वाहतुकीच्या व्हॅनला हेच निघालं होतं.

मामाची गाडी म्हणजे खाऱ्या पाण्याचं प्रदर्शन आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरायची, क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी मागून गळत राहणार, त्यात आठवड्यातून एकदा जयगडहून तवसाळला फेरीबोटीने खाडीपलीकडे, धक्क्याच्या उतारावर भरतीचं पाणी चाकाला लागणार. त्याचे क्रॉस दर वर्षी जायचे. आता तो दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने खालून धुतो आणि धुतल्यावर निपलला ग्रीस मारतो, तर दोन वर्ष झाली तेच क्रॉस चाललेत. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धुणं मग ग्रीस, नाहीतर प्रेशरच्या पाण्याने ग्रीस पण जातं.

आणि एक, रागावू नका, पण कधीकधी आवाज गाडीचा नसतो, पायाचा असतो. मी स्वतः घाईत ॲक्सिलरेटर एकदम सोडून क्लच अर्धा दाबूनच गिअर ओढायचो. आतेभाऊ बाजूला बसला आणि म्हणाला क्लच पूर्ण दाब आणि सोडताना दोन आकडे मोजत सोड. आवाज निम्मा झाला होता तेव्हाच, अर्थात फाउंडेशन गेलेलं ते गेलेलंच होतं.

माझा एकूण हिशोब: तीन फाउंडेशन, दोन सील, ऑइल, मजुरी धरून सात हजारांच्या आसपास, त्यातले खरे लागणारे अडीच-तीन. आता पंधरा महिने झाले, मधे एक पूर्ण पावसाळा गेला, सील कोरडा आहे. सकाळी थंड गाडीला रिव्हर्स टाकताना हलकासा ‘टक्’ येतो, तो काका म्हणाले राहू दे, आणि मी पण राहू दिलाय. गाडी आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर ब्रीदरच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा दोऱ्याने बांधतो, प्लास्टिक नाही, हवा जायला हवी. पडवीत कुंभारमाशीची तीन घरं अजून आहेत, आई पाडू देत नाही.